एक नाकपुडी बंद, तरी अनुलोम-विलोम रेटायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा : वय ४६, नागपुरात मानेवाड्याकडे राहता, दिवसभर बसून काम. बीपीची एक गोळी दीड वर्षापासून सुरू आहे. दोन महिन्यांपासून व्हिडिओ लावून रोज पहाटे पंधरा मिनिटं अनुलोम-विलोम करता, तेही १:४:२ या प्रमाणात, म्हणजे चार आकडे श्वास घ्यायचा, सोळा आकडे रोखायचा, आठ आकड्यांत सोडायचा. डावी नाकपुडी बहुतेक दिवशी बंदच असते, म्हणून तिकडून जोर लावून ओढता. उठताना डोकं जड होतं, कधी गरगरतं. सोबत फिरायला येणारे मित्र म्हणतात, "सोडू नको बाप्पा, आतली घाण निघून राहिली." आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की नाक मोकळं व्हावं म्हणून बसण्याआधी नाकात थेंब टाकता. विचारलंय एवढंच, की डावी नाकपुडी उघडायला काय करू आणि हा त्रास अजून किती दिवस चालेल.

दोन्हींची उत्तरं देते, पण आधी एक काम. उद्या सकाळपासून श्वास रोखणं पूर्ण बंद करा. कमी करू नका, बंदच करा. आणि गरगरणं त्यानंतरही दोन-चार दिवसांत थांबलं नाही तर बीपी मोजून घ्या आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. गरगरण्याची कारणं दहा असतात, सगळ्यांचा दोष प्राणायामाच्या माथी मारायचा नाही आणि सगळं प्राणायामावर सोपवायचंही नाही.

आता कारण सांगते. मी नागपुरात बावीस वर्षं वर्ग घेते. त्यात नाकपुडी बंद आहे म्हणून कोणाचं बिघडलं असं मी पाहिलं नाही. बंद नाकपुडीशी भांडून मात्र बऱ्याच जणांचं बिघडलेलं पाहिलं. तुमचा हिशेबच करून बघा. चार, सोळा, आठ म्हणजे एक श्वास अठ्ठावीस आकड्यांचा. आकडा सेकंदाचा धरला तर पंधरा मिनिटांत असे साधारण बत्तीस श्वास होतात, आणि त्यात रोखण्याची वेळ होते साडेआठ मिनिटं. बीपीची गोळी घेणारा माणूस, दोन महिन्यांचा अभ्यास, कोणी समोर बसून शिकवलेलं नाही, आणि रोज साडेआठ मिनिटं श्वास दाबून बसतोय. डोकं जड झालं नसतं तर मला नवल वाटलं असतं.

ही घाण निघायची गोष्ट तर मनातून काढूनच टाका. आपल्याकडे कोणताही त्रास झाला की 'बाहेर पडून राहिलं' म्हणायची सवय आहे. ज्या हठप्रदीपिकेतून हा सगळा अभ्यास आला, तिच्या दुसऱ्याच अध्यायात स्वात्मारामांनी बजावून ठेवलं आहे : सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. त्याच्या पुढच्या श्लोकात आहे की नीट केलेल्या प्राणायामाने रोग जातात आणि चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात. उचकी, दमा, डोकं-कान-डोळे दुखणं अशी यादीच पुढे दिली आहे. म्हणजे डोकं दुखलं तर अभ्यास चुकतोय, असं मूळ ग्रंथच सांगतो. तुमच्या मित्रांना हे सकाळच्या चहावर ऐकवा.

नाकपुडीकडे येऊ. दोन्ही नाकपुड्या दिवसभर सारख्या चालत नाहीत, कोणाच्याच नाही. नाकाच्या आत बाजूच्या भिंतीवर मऊ मांसल पट्ट्या असतात, त्यात रक्त भरलं की त्या फुगतात आणि वाट अरुंद होते. एका बाजूच्या फुगल्या की दुसऱ्या बाजूच्या ओसरतात, काही तासांनी उलटं. हे काम आपल्या इच्छेवर चालत नाही. हृदयाचे ठोके आणि पचन ज्या मज्जासंस्थेच्या ताब्यात असतं तिच्याच ताब्यात हेही असतं. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ साली याचं वर्णन केलं. आपल्याकडे स्वरशास्त्राने, म्हणजे कुठली नाकपुडी चालू आहे ते पाहणाऱ्या जुन्या शास्त्राने, तर ते त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं, डावीचा चंद्रस्वर आणि उजवीचा सूर्यस्वर म्हणून. तिथे अडीच घटकांचं माप दिलंय, म्हणजे एक तास. प्रत्यक्षात कोणाचा दोन तासांनी बदलतो, कोणाचा चार-पाच तासांनी, सर्दी झाली की वेळापत्रकच कोलमडतं. तेव्हा पहाटे साडेपाचला तुमची डावी बाजू अर्धी बंद असणं यात बिघाड काहीच नसू शकतो. त्या वेळी पाळी उजवीची असेल.

पण तुम्ही 'बहुतेक दिवशी' लिहिलंय, म्हणून एक तपासणी करा. चार-पाच दिवस दिवसातून पाच वेळा, समजा उठल्यावर, अंघोळीनंतर, जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपताना, आरसा किंवा स्टीलची थंड ताटली नाकाखाली धरा. वाफेचे दोन ठिपके उमटतात. कुठला मोठा ते लिहून ठेवा. ठिपके बदलत असतील, सकाळी उजवा मोठा आणि दुपारी डावा, तर नाक ठीक आहे. पाचही वेळा, पाचही दिवस डावा ठिपका नुसता नावालाच असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवा. पडदा तिरका असू शकतो, ज्याला आपण 'नाकाचं हाड वाढलं' म्हणतो. ॲलर्जी असू शकते, मांस वाढलेलं असू शकतं. तिरका पडदा कितीही श्वास ओढून सरळ होत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ तीन वर्षं येत होते, त्यांचा पडदा एवढा तिरका होता की उजवीकडून कागदाचा कपटाही हलत नसे. त्यांना मी अनुलोम-विलोम शिकवलंच नाही, साधा दीर्घ श्वास आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, एवढंच शिकवलं. त्यांचं काहीही अडलं नाही.

नागपूरचं हवामानही हिशेबात धरा. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सुरू केलंत. खोलीत कूलर चालू असतो ना? बरेच लोक पहाटे उठतात आणि कूलरच्या तोंडासमोरच चटई टाकून बसतात, छान गार वाटतं म्हणून. रात्रभर भिजलेल्या ताट्यांमधून येणारी ती ओली, कुबट हवा, टाकीतलं पाणी आठवडाभर बदललेलं नाही, आणि मग म्हणतात नाक बंद होऊन राहिलं. कूलर अर्धा तास आधी बंद करा, खिडक्या उघडा, नाहीतर सरळ गच्चीवर जा. मे महिन्यात पहाटे पाचची गच्ची म्हणजे या शहराने दिलेलं सुख आहे. उलट कोरड्या उन्हाळ्यात ज्यांचा घोळणा फुटतो त्यांनी जोराचा श्वास अजिबात घेऊ नये. झोपताना नाकाच्या आतून साजूक तुपाचं बोट फिरवलं तरी बराच फरक पडतो. डिसेंबरात मैदानावर बसलात तर गार हवेने नाक चोंदतं, तेव्हा घरात बसा. आणि सकाळी झाडलोट करून पालापाचोळा पेटवलेला असेल तर त्या दिवशी बागेत प्राणायाम नाही. धूर मोजून आत घेण्यात कसला आलाय योग.

आता थेंब. तुम्ही ही ओळ शेवटी लिहिलीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. नाक पटकन मोकळं करणारे जे थेंब औषधाच्या दुकानात सहज मिळतात त्यात ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असतं. ते मघाच्या मांसल पट्ट्यांमधल्या रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून दोन मिनिटांत वाट उघडते. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की उलटं होतं : असर उतरला की पट्ट्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, पुन्हा थेंब लागतात, पुन्हा फुगतात. तुम्ही रोज टाकत असाल तर तुमची नाकपुडी थेंबांमुळेच बंद राहत असण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय ही औषधं बीपी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बाटलीवरचं नाव वाचा. ते नुसतं मिठाच्या पाण्याचं औषध असेल तर काळजी नाही. दुसरं असेल तर टाकणं थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. सोडल्यावर काही दिवस नाक जास्त चोंदेल, तेवढे दिवस धीर धरा आणि त्या काळात अनुलोम-विलोम करू नका.

थेंबांशिवाय नाकपुडी उघडायचे दोन जुने उपाय आहेत. पहिला तर आपल्या प्रत्येक घरात आहे, वामकुक्षी. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते आणि वरची उघडते. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, म्हणजे उजवी नाकपुडी, सूर्यनाडी सुरू होते, अन्न पचायला ती बरी असं जुने लोक मानत. तुम्हाला डावी उघडायची आहे, तर उजव्या कुशीवर दहा मिनिटं पडा. दुसरा उपाय बगलेचा. उजव्या बगलेत दाब पडला की डावी नाकपुडी मोकळी व्हायला लागते. समर्थांच्या चित्रात हाताखाली कुबडी दिसते ना, तसा दांडा योगी लोक हात टेकायला आणि स्वर बदलायला वापरत. तुम्ही डाव्या हाताची मूठ उजव्या बगलेत धरून हात अंगाशी दाबून बसा, पाच-सात मिनिटं. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही. मला कुशीवर पडून येतो, बगलेतल्या मुठीने कधी येतो कधी नाही.

जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालून दुसरीतून काढणं, विचारावीशी वाटेल म्हणून सांगते. चांगली आहे, पण उकळून कोमट केलेलंच पाणी घ्यायचं, नळाचं थेट नाही, आणि अर्धा लिटरला साधारण एक छोटा चमचा मीठ. नेतीनंतर वाकून, मान दोन्हीकडे वळवून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकं शिंकरून पाणी पूर्ण काढायचं. लोक नेती नीट करतात आणि हे शेवटचं टाळतात, मग दिवसभर कपाळ दुखतं. व्हिडिओ बघून पहिली नेती करू नका, कोणाकडून तरी समोर शिकून घ्या.

एवढं करूनही डावी बंदच असेल तर? तर त्या दिवशी अनुलोम-विलोम सोडून द्या. हे लोकांना पटत नाही. नेम मोडला असं वाटतं. नेम बसण्याचा ठेवा. आसन तेच, वेळ तीच, पाठ ताठ, दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश श्वास, घेण्यापेक्षा सोडणं थोडं लांब. हात मांडीवर. मनाने फक्त लक्ष द्यायचं : आता डावीकडून येतोय, उजवीकडून जातोय. बोटं न लावता केलेला हा प्रकार मला स्वतःला आवडतो, बसमध्येही करता येतो.

हातांवरून आठवलं. तुम्ही हात कसा धरता ते लिहिलं नाही, पण दहा जणांत आठ जण चुकतात. माझ्या वर्गात अजनीचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका होते. इंजिनावर आयुष्य काढलेलं, हातात ताकद. ते अंगठ्याने उजवी नाकपुडी अशी दाबत की नाकाचा शेंडा डावीकडे वळायचा. म्हणजे उजवी तर बंद झालीच, जी उघडी ठेवायची ती डावीही अर्धी मिटली. आणि वरून तक्रार, "मॅडम, डावीकडून हवाच जात नाही." बोट काढलं की नाकावर पांढरा वळ उमटलेला दिसायचा. त्यांना मी म्हटलं, काका, पिकलेल्या संत्र्याची फोड धरता तसं धरा, रस नाही निघाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी आले ते हसतच, नाकपुडी उघडली होती. दोन महिने ते स्वतःच्याच अंगठ्याशी लढत होते. तुमचंही असंच नसेल कशावरून?

तर उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडायचं. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका डावीसाठी, करंगळी तिच्या सोबतीला. नाकाचं कडक हाड वरून खाली चाचपत या. जिथे हाड संपून मऊ भाग सुरू होतो, त्या खोबणीत बोट टेकवायचं. तिथे अगदी हलका दाब पुरतो. नाकपुडीचं खालचं तोंड चिमटीत पकडायचं नाही. बायकांना इथे चमकीची अडचण येते, अनामिका नेमकी तिच्यावर पडते आणि टोचतं. बोट किंचित वर सरकवलं की सुटका. कोपर हवेत पंख पसरल्यासारखं नको आणि छातीला चिकटवलेलंही नको. हात भरून आला की डोकं आपोआप हाताकडे झुकतं, मान वाकडी होते आणि एका बाजूचा श्वास अडतो. ज्यांचा खांदा दुखतो त्यांनी कोपराखाली उशी किंवा लोड घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

श्वासाचा क्रम तुम्हाला माहीत असेल, तरी सांगते : डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. सुरुवात आणि शेवट डावीकडेच. बोट बदलताना क्षणभर दोन्ही बंद होतात, तेवढं थांबणं चालतं, त्याला कुंभक, म्हणजे मुद्दाम श्वास रोखणं, म्हणत नाहीत. इथे नावांचा एक गोंधळ आहे. टीव्हीमुळे रोखण्याशिवायच्या प्रकाराला अनुलोम-विलोम आणि रोखण्यासहितच्या प्रकाराला नाडीशोधन म्हणायची पद्धत पडली. योगगुरू अय्यंगारांच्या परंपरेत विलोम म्हणजे वेगळंच काही, श्वास तुकड्या-तुकड्यांनी घेणं किंवा सोडणं. त्यामुळे कोणी सांगितलं 'अनुलोम-विलोम कर', तर आधी विचारावं, कुठलं.

मोजणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिले दोन आठवडे मोजायचंच नाही. मीही मोजण्यात फसले होते. सत्ताविसाव्या वर्षी एका शिबिरात गेले होते, तिथे सोळा-चौसष्ट-बत्तीस हे जुनं मात्रांचं माप सांगितलं आणि मी घरी येऊन घड्याळ समोर ठेवून त्याच्या मागे लागले. सोळा-चौसष्टपर्यंत कधी पोहोचले नाही, पण आठ-बत्तीसपर्यंत रेटलं. पंधरा दिवसांत झोप गेली. छातीत धडधड, पोरांवर उगाच ओरडणं, स्वयंपाकघरात भांडी आपटणं. शिबिरवाल्यांना कळवलं तर म्हणाले, प्रगती आहे. शेवटी नागपूरच्या महाल भागात माझे जुने सर राहत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी काही विचारलं नाही. देवघरातून समईच्या वातीचा कापूस आणला, त्याचा एक तंतू काढून माझ्या नाकाखाली चार बोटांवर धरला आणि म्हणाले, "सोड श्वास." तंतू उडून खाली गेला. "पुन्हा." पुन्हा उडाला. पाऊण तास आम्ही तेवढंच करत बसलो. शेवटी तो नुसता थरथरला, उडाला नाही. सर म्हणाले, "हा हलू नये इतका श्वास हळू झाला की ये, मग आकड्याचं बोलू." मला यायला आठ महिने लागले, आणि तोवर आकड्यांबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

तुम्ही कापूस लावाच असं नाही. एक सोपी खूण सांगते : श्वासाचा आवाज तुमचा तुम्हाला ऐकू आला नाही पाहिजे. अर्धवट बंद नाकपुडीतून ओढताना सूं-सूं आवाज येतो, तो आला की समजायचं जोर लागतोय, वेग कमी करा. छातीभर नाही भरली तरी चालेल. दुसरी खूण : सोडून झाल्यावर पुढचा श्वास घेण्याची घाई होते का? घोट घेतल्यासारखा श्वास ओढला जात असेल तर सोडणं जास्त लांबवलंय, कमी करा.

दोन आठवड्यांनी, गरगरणं पूर्ण थांबलेलं असेल तर, चार घ्या आणि चार सोडा. तेही आरामात जमलं की चार-सहा. मग महिन्या-दीड महिन्याने चार-आठ. त्याच्या पुढे जायची मला तरी गरज दिसत नाही. चार-आठ म्हणजे मिनिटाला पाच श्वास होतात. आपण एरवी मिनिटाला बारा ते सोळा-अठरा घेतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा एकमेकांशी जुळून चालते. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली हे मोजलं होतं आणि त्यातली मजेशीर गोष्ट अशी, की लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणणाऱ्यांचा आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' जपणाऱ्यांचा श्वास दोघांचाही आपसूक मिनिटाला सहावर येत होता. म्हणून मी म्हणते की या अभ्यासातला मोठा लाभ सावकाशपणाचा आहे. बोटांनी नाकपुडी बदलण्याचा उपयोग हा, की त्यामुळे घाई करताच येत नाही आणि मन त्या कामात गुंतून राहतं. ऑक्सिजन जास्त मिळतो वगैरे सांगतात त्यात अर्थ नाही. निरोगी माणसाच्या रक्तात तो बोटाच्या मशीनवर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दाखवतच असतो, त्यात भर ती काय पडणार.

आता तुमचं गरगरणं नेमकं कशाने, हे तुम्हालाच ओळखता येईल. बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येत असतील आणि हलकं-हलकं वाटत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त हवा ओढताय. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भोवळ येते. आणि डोळ्यांच्या मागे दाब, कानात ठोके, कपाळ जड असं असेल तर ते रोखताना घसा आणि छाती आवळल्यामुळे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरं वाटतं, थोडं पहिलंही असेल. दोन्हींवर उपाय एकच, वर सांगितला तोच.

काही गोष्टी मात्र माणसागणिक बदलतात आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. बीपी गोळीने ताब्यात आहे की अजून वर-खाली होतंय, हा पहिला प्रश्न. काचबिंदू, हृदयाचा आजार, फिट्स, नुकतंच झालेलं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर रोखणं कायमचंच वर्ज्य समजा. गरोदर बाईंनाही मी रोखू देत नाही. साधं, न रोखता केलेलं अनुलोम-विलोम यातल्या बहुतेकांना चालतं, पण डॉक्टरांच्या कानावर घालून. आणि सकाळचं बीपी दोन महिन्यांनी थोडं उतरलेलं दिसलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी बंद करतंच.

व्हिडिओने शिकण्यात माझा विरोध नाही, पण व्हिडिओला तुमचं नाक दिसत नाही. काकांचा वळलेला शेंडा समोर बसलेल्यालाच दिसला. एकदा तरी कोणाला दाखवून घ्या. नागपुरात यासाठी पैसे खर्चायचीही गरज नाही, रामनगरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे, तिथे विनामूल्य शिकवतात. मानेवाड्याहून रामनगर लांब पडतं हे मान्य, पण रोज नाही जायचं. आठ-पंधरा दिवस जा.

तर उद्या सकाळी असं करा. थेंब टाकू नका. कूलर बंद, खिडकी उघडी. दहा मिनिटं उजव्या कुशीवर पडा, मग उठून बसा. आरशावरचे ठिपके बघा. डावा अगदीच पुसट असेल तर बोटं न लावता नुसतं सावकाश. बरा असेल, आणि नाक मोकळं करणारे थेंब नुकतेच सोडलेले नसतील, तर पाच मिनिटं अनुलोम-विलोम, न मोजता, न रोखता, आवाज न करता. व्हिडिओ लावू नका, त्यातला मोजणारा माणूस तुमच्या श्वासासाठी थांबत नाही. झाल्यावर लगेच उठू नका, दोन मिनिटं डोळे मिटून बसा, मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. जड वाटतंय का ते लिहून ठेवा, पंधरा दिवस, तारखेसकट. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा थेंबांची बाटली सोबत न्या. किती महिन्यांपासून टाकताय ते खरं सांगा. प्राणायामाला बसल्यापासूनच की त्याच्याही आधीपासून, हे तुम्ही मलाही लिहिलेलं नाही.